डोकेदुखीचा कागद

पोस्ट लांब आहे. पण घरात कोणी फौजी असेल, किंवा भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारा पोरगा असेल, तर शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

मागच्या आठवड्यात शहाद्याच्या बसस्टँडवर आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी भेटला. अग्निवीर आहे, सुट्टीवर आलाय. चहा घ्यायला बसलो तर पोरगा उन्हाकडे पाठ करून, डोळे बारीक करून बसला. विचारलं, काय रे, बरं नाही का? म्हणाला, "सर, दोन महिन्यांपूर्वी अडथळ्यावरून पडलो होतो. तेव्हापासून अधूनमधून डोकं धरतं." डॉक्टरला दाखवलं का? तर हसला. "डोकं त सगळासनंच दुखस सर. कसाले सांगू?"

हेच वाक्य मी माझ्या मोठ्या भावाच्या तोंडून ऐकलंय. जसंच्या तसं. आमचं घर त्या एका वाक्याची किंमत आजही मोजतंय, म्हणून लिहितोय.

भाऊ १९९९ ला भरती झाले. सतरा वर्षं नोकरी करून २०१६ ला हवालदार म्हणून घरी आले. २००९ च्या हिवाळ्यात डोंगरातल्या रस्त्यावर त्यांची गाडी घसरली आणि डोकं दरवाज्याच्या चौकटीवर आदळलं. दोन टाके पडले, रात्री उलट्या झाल्या, दोन दिवस हलकी ड्युटी मिळाली आणि विषय संपला. म्हणजे कागदावर संपला. डोकं मात्र त्या दिवसापासून दुखायचं थांबलं नाही.

मग भाऊ एमआय रूमला का गेले नाहीत? फौजी लोकांना हे सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. एक तर डोकेदुखीला फौजेत कोणी आजार मानत नाही. वारंवार सिक रिपोर्ट केला की "कामचोर" हा शिक्का बसतो. दुसरं म्हणजे मेडिकल कॅटेगरी खाली गेली की कोर्स अडतो, बढती अडते. भाऊंचं तेव्हा प्रमोशन कॅडर तोंडावर होतं. मग काय, डोक्याला रुमाल करकचून बांधायचा, गोळी खायची आणि परेडला उभं राहायचं. निवृत्तीच्या आधी जी शेवटची तपासणी होते, त्यात डॉक्टरांनी विचारलं, "कोई तकलीफ?" भाऊ म्हणाले, "नहीं साहब."

घरी जायची घाई होती. पपईचं रोप लावायचं होतं. दोन शब्दांत मोकळे झाले.

आज भाऊंना महिन्यातले पंधरा-सोळा दिवस डोकं धरतं. त्यातले सात-आठ दिवस खोली अंधारी करून, डोक्यावर ओलं फडकं घालून पडून राहावं लागतं. आवाज नको, उजेड नको, वास नको. नंदुरबारला मिरचीच्या हंगामात पथारीवरून जाणाऱ्या रस्त्याने ते जात नाहीत, लांबचा फेरा मारून जातात. लाल मिरचीचा तो खाट डोक्यात शिरला की संध्याकाळपर्यंत उलट्या. ज्या माणसाने बर्फात ड्युटी केली, त्याला आता एप्रिलमध्ये स्वतःच्या शेतात अकरानंतर उभं राहता येत नाही. पपईची तोड मजुरांवर सोडावी लागते आणि मालक बांधावर नसला की काय होतं, ते शेतकऱ्यांना मी काय सांगू!

आम्ही भाऊंना नाशिकला मेंदूविकार तज्ज्ञांकडे नेलं. एमआरआय काढला. रिपोर्ट आला नॉर्मल. घरातल्या सगळ्यांनी देवापुढे साखर ठेवली, पण भाऊंचा चेहरा पडला. म्हणाले, "आता तर मी खोटाच ठरलो."

डॉक्टर भले माणूस. त्यांनी समजावून सांगितलं ते नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. गाठ, रक्तस्राव, सूज असेल तर दिसते. पण अर्धशिशी म्हणा किंवा मार लागल्यानंतर राहिलेली डोकेदुखी म्हणा, बहुतेक वेळा त्यात दिसत नाही. जगभरातले डॉक्टर तिचं निदान रोग्याच्या बोलण्यावरून, तपासणीवरून आणि नोंदींवरून करतात. त्याचे ठरलेले निकष आहेत. महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस डोकेदुखी, तीन महिन्यांहून जास्त काळ, आणि त्यातले निदान आठ दिवस अर्धशिशीची लक्षणं, तर ती जुनाट अर्धशिशी. डोक्याला मार लागल्यावर किंवा शुद्धीवर आल्यावर सात दिवसांच्या आत दुखणं सुरू झालं, तर ते त्या मारामुळे धरतात, आणि तीन महिन्यांपुढे चाललं तर जुनाट म्हणतात.

पुन्हा वाचा. सात दिवसांच्या आत. म्हणजे २००९ च्या त्या आठवड्यात भाऊंचं डोकं दुखत होतं, याचा पुरावा पाहिजे. आणि भाऊ त्या आठवड्यात कोणाला काही बोललेच नव्हते.

डॉक्टरांनी आणखी एक कडू गोष्ट सांगितली. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा दिवस, काही प्रकारच्या तर दहा दिवस खात राहिलं, तर गोळीच डोकेदुखी वाढवते. भाऊंनी दहा वर्षं शेंगदाण्यासारख्या गोळ्या खाल्ल्या होत्या. त्यामुळे आजच्या दुखण्यात अपघाताचा वाटा किती आणि गोळ्यांचा किती, हा प्रश्न खरा आहे. तो लपवण्यात अर्थ नाही. बोर्डावरचा डॉक्टर तो विचारणारच.

२०२१ ला आम्ही अपंगत्व पेन्शनसाठी अर्ज केला. सोबत तालुक्याच्या एका दवाखान्याचं सर्टिफिकेट जोडलं. दोन ओळींचं: रुग्णाला २००९ पासून डोकेदुखी आहे. अर्ज परत आला. सेवाकाळात नोंद नाही, आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. इंग्रजीत या शेऱ्याची चार अक्षरं होतात, एनएएनए, म्हणजे नाना. आमच्या खान्देशात नाना म्हणजे घरातला वडीलधारा, ज्याच्या शब्दावर घर चालतं. फौजेच्या कागदावर नाना आला की घराची आशा संपते.

मला राग आला होता. एका कार्यालयात "आत्ता कसं आठवलं?" असंही ऐकून घेतलं. पण शांत डोक्याने विचार केला तर एक गोष्ट मान्य करावी लागेल. समोरच्याने कशावर विश्वास ठेवायचा? डोकेदुखी दिसत नाही. खोटी सांगणारेही असतात, हे फौजीच फौजीला सांगतात. आणि आमचं ते दोन ओळींचं सर्टिफिकेट म्हणजे काय होतं? भाऊंनी डॉक्टरला जे सांगितलं, तेच डॉक्टरने लेटरहेडवर लिहून परत दिलं. तो पुरावा नव्हता, ती भाऊंचीच तक्रार होती, फक्त शिक्का मारलेली.

मग मी कायदा वाचायला बसलो. वकील नाही मी, मास्तर आहे. पण जे समजलं ते सांगतो.

सर्वोच्च न्यायालयाचा २ जुलै २०१३ चा धरमवीर सिंग खटल्याचा निकाल प्रत्येक माजी सैनिकाने माहीत करून घ्यावा. धरमवीर सिंग सिग्नल्समधले. त्यांना फेफऱ्याच्या आजारामुळे १९९४ ला घरी पाठवलं, २० टक्के अपंगत्व ठरवलं, पण आजार सेवेशी संबंधित नाही म्हणून पेन्शन नाकारली. न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी तपासून घेताना आजाराची नोंद नव्हती, तर पुढे तब्येत बिघडली ती सेवेमुळे असं धरून चालायचं. तसं नाही, हे सिद्ध करण्याचं ओझं सैनिकावर नाही. शंकेचा फायदा सैनिकाला. आणि मेडिकल बोर्डाने नुसतं "संबंध नाही" लिहून चालणार नाही, कारणं द्यावी लागतील. पुढे १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार खटल्यात न्यायालयाने दुसरा मुद्दा निकाली काढला. टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याचा लाभ, म्हणजे २० टक्के ठरले तर ५० धरायचे, हा सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळतो.

हे वाचून मी उड्या मारल्या. मग कळलं की भाऊंची गाडी वेगळ्या रुळावर आहे. धरमवीर सिंगांचा आजार सेवेत असतानाच कागदावर आला होता. भाऊंचा आला निवृत्तीनंतर. अशा दाव्यांसाठी नियमांत वेगळी सोय आहे. सेवा सोडल्यापासून ठरलेल्या मुदतीच्या आत आजार उघड झाला, त्याचं मूळ सेवाकाळातच पडलं होतं असं वैद्यकीयदृष्ट्या दाखवता आलं, आणि तो तेव्हाच दिसला असता तर त्याच कारणाने सेवेतून कमी केलं असतं हेही पटवता आलं, तर विचार होतो. दार आहे, पण अरुंद आहे. आणि त्याची किल्ली एकच. जुना कागद.

मग सुरू झाली शोधाशोध. भाऊंची काळी ट्रंक उघडली. रेकॉर्ड ऑफिसला सेवाकाळातल्या वैद्यकीय कागदांच्या प्रती मागितल्या, एक अर्ज माहिती अधिकारातही टाकला. हाती काय लागलं? भरतीच्या वेळचा तपासणी अर्ज, त्यात डोक्याची कुठलीही तक्रार नाही. इंज्युरी रिपोर्ट, तारखेसह: डोक्याला जखम, दोन टाके. आणि एका चिठ्ठीवर अर्धी ओळ, रात्री दोनदा उलटी. ती अर्धी ओळ कोणत्या डॉक्टरने लिहिली माहीत नाही. त्याचे पाय धरावेसे वाटतात.

पण सात दिवसांचं काय? ते सापडलं वहिनींच्या कपाटात.

भाऊंच्या त्या पोस्टवर तेव्हा फोनला रेंज नव्हती. पत्रं यायची. वहिनींनी सगळी पत्रं जुन्या साडीत बांधून ठेवलेली. त्यात अपघातानंतर बाराव्या दिवशी लिहिलेलं एक आंतरदेशीय पत्र. शेतीचं, पोरीच्या शाळेचं, आईच्या गुडघ्याचं सगळं विचारून झाल्यावर शेवटी कोपऱ्यात एक ओळ होती. गाडी घसरली त्या दिवसापासून डोकं थांबत नाही, पण काळजी करू नको, आईला सांगू नको. वर पोस्टाचा शिक्का, तारीख वाचता येते.

वहिनी म्हणाल्या, "मला तेव्हा राग आला होता, की एवढंच का लिहिलं."

ते पत्र म्हणजे वैद्यकीय पुरावा नाही. पण नाशिकच्या डॉक्टरांनी ते, इंज्युरी रिपोर्ट, भरतीचा कागद आणि आम्ही तीन महिने लिहिलेली डोकेदुखीची डायरी समोर ठेवून दोन पानी मत लिहिलं. त्यात निदान आहे, निकष आहेत, कोणत्या कागदावरून काय निष्कर्ष काढला ते आहे. गोळ्यांमुळे दुखणं वाढलं असण्याची शक्यताही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिली. शेवटी मत दिलं की आजाराचं मूळ त्या अपघातात असण्याची शक्यता जास्त आहे. "छातीठोकपणे कोणीच सांगू शकणार नाही," असं मला तोंडी म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, तुम्ही कारणं लिहिलीत, हेच खूप आहे.

प्रकरण आता सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे आहे. निकाल काय लागेल माहीत नाही. भाऊंना विचारलं तर म्हणतात, "पैसा नाही मिळाला तरी चालेल, पण खोटा नव्हतो एवढं कोणीतरी लिहून द्यावं."

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. जानेवारी २०२० मध्ये इराणने इराकमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं टाकली. आधी जाहीर झालं की कोणी जखमी नाही. मग कळलं की काही सैनिकांचं डोकं दुखतंय. त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनीही ते हलक्यात घेतलं. पुढे तपासण्या होत गेल्या आणि शंभराहून अधिक सैनिकांना मेंदूला मार बसल्याचं निदान झालं. तिथे माजी सैनिकाच्या अर्धशिशीचे टक्के ठरवताना मुख्य प्रश्न हा असतो की अंथरुणाला खिळवणारे झटके किती दिवसांनी येतात आणि त्याने कमाई किती बुडते. त्यावरून शून्य, १०, ३० किंवा ५० टक्के. म्हणजे पुन्हा डायरीच.

आणि आपली फौज तर यात जगाच्या पुढे होती! १९६२ च्या युद्धानंतर हिमालयात उंचावर पाठवलेल्या जवानांचा अभ्यास इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी केला. १,९२५ जवानांच्या नोंदी. तो लेख १९६९ ला अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि उंचीवरच्या आजाराबद्दल जगाने त्यातून शिकून घेतलं. त्या आजाराचं पहिलं लक्षण काय? डोकेदुखी. ती बहुतेक वेळा काही दिवसांत जाते, भाऊंच्या दुखण्याशी तिचा संबंध नाही. पण मुद्दा बघा. आपल्याच जवानांच्या डोकेदुखीतून जग शिकलं, कारण कोणीतरी विचारलं, त्यांनी सांगितलं आणि ते लिहून ठेवलं गेलं.

आपल्या जिल्ह्यासाठी यात आणखी एक गाठ आहे. धडगाव, अक्कलकुव्याचा पोरगा घरी पावरी किंवा भिली बोलतो, शाळेत मराठी, फौजेत हिंदी. आपल्या बोलीत डोकं ठणकतं, जड होतं, अर्धंच धरतं, आतून कळ मारतं. हिंदीत सगळ्याचं एकच होतं, "सर दर्द है साब." डॉक्टर लिहितो "डोकेदुखी" आणि गोळी देतो. एका बाजूला की दोन्ही, उलटी होते का, उजेड सहन होतो का, यावरच तर निदान ठरतं. ते सांगायचंच राहून जातं.

म्हणून त्या अग्निवीर पोराला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

डोक्याला मार लागला की त्याच दिवशी एमआय रूमला जा. चक्कर, उलटी, थोडी जरी शुद्ध हरपली असेल तर ती लिहून घ्या. इंज्युरी रिपोर्ट झाला का ते विचारा आणि प्रत मागा. दुखणं पुन्हा आलं तर पुन्हा जा, प्रत्येक वेळी "त्या दिवसापासून" हा शब्द उच्चारा. प्रत्येक चिठ्ठीचा फोटो काढून घरी पाठवा.

डायरी ठेवा. साधी वही चालते. तारीख, किती वाजता सुरू झालं, किती तास, कुठली बाजू, उलटी, उजेडाचा त्रास, कोणती गोळी, कोणतं काम बुडालं. रोज दोन ओळी.

शेवटच्या तपासणीत खरं सांगा. घरी जायची घाई एका दिवसाची असते.

निवृत्त झालेल्यांनी आधी जुने कागद मागवावेत. रजिस्टरं कायमची जपून ठेवत नाहीत. डॉक्टरकडे रिकाम्या हाताने सर्टिफिकेट मागायला जाऊ नका, कागद घेऊन जा आणि कारणांसह मत मागा. अर्ज फेटाळला तर अपिलाची मुदत त्याच दिवशी बघा.

आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. त्यानंतर सेवा सोडणाऱ्यांनी धरमवीर सिंगांच्या निकालावर विसंबून गाफील राहू नये. अग्निवीरांना तर पेन्शनच नाही. सेवेमुळे आलेल्या १००, ७५ आणि ५० टक्के अपंगत्वासाठी ४४, २५ आणि १५ लाख एकरकमी. त्यांचं सगळं सेवापुस्तक चार वर्षांचं. त्यात अर्धी ओळ लिहायची राहिली, तर पुढची चाळीस वर्षं ती शोधत बसावं लागेल.

पोराने सगळं ऐकून घेतलं. गाडी लागली तसा पाया पडून उठला. खिडकीतून म्हणाला, "सर, सुट्टी संपली की जातो एमआय रूमला."

मी म्हटलं, सुट्टी संपायची वाट बघू नको. उद्याच नंदुरबारला सिव्हिलला दाखव आणि केसपेपर जपून ठेव.

काल रात्री त्याने फोटो पाठवला. केसपेपरचा. तारीख स्पष्ट दिसतेय.

तुमच्या ओळखीच्या फौजीला, माजी सैनिकाला, भरतीच्या पोरांच्या ग्रुपवर हे पाठवा. माझं नाव नाही टाकलं तरी चालेल.